‘कळवायचंय’ की ‘कळवलं जावं’: इंग्रजी क्रियापदांनंतर ‘टु बी’ कधी आणि कसं लावायचं

निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या पट्ट्यातून द्राक्षं युरोपात जातात आणि त्यांच्याबरोबर रोज शेकडो इंग्रजी ओळीही जातात. त्यात हमखास सापडणारी ही एक ओळ: ‘वी वॉन्ट टु इन्फॉर्म बिफोर द कंटेनर इज ओपन्ड.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की कंटेनर उघडण्याआधी आम्हाला कळवा. सील तोडताना माल कसा होता, देठ हिरवे होते की सुकले होते, वाटेत तापमान किती राहिलं, हे त्याला वेळेवर कळायला हवं असतं. नंतर दर्जाचं कारण सांगून पैसे कापले गेले तर बोलायला जागा उरत नाही. पण समोरचा वाचतो ते असं: हे लोक आपल्याला काहीतरी कळवणार आहेत. तो यांच्या निरोपाची वाट पाहतो, हे त्याच्या निरोपाची, आणि मधल्या मध्ये कंटेनर उघडलेला असतो.

हवं होतं ते एवढंच: ‘वी वॉन्ट टु बी इन्फॉर्म्ड.’ एक ‘बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. व्याकरणात याला पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह म्हणतात.

मी नाशिकमध्ये इंग्रजी शिकवतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली, पॅकहाउसमधली, बँकांमधली मंडळी शिकायला येतात. या रूपावर अडखळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शाळेत पॅसिव्ह व्हॉइसचे गुण पूर्ण मिळवलेले असतात, आणि माझ्या मते गोची तिथेच आहे. शाळेत आपण वाक्य उलटवायला शिकतो. ‘राम ईट्स अ मँगो’ दिलं की ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ असं करून टाकतो. अर्थ तोच राहतो, गुण मिळतात. पण ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘रिफ्यूज’ अशा क्रियापदांनंतर ‘टु’ आणि ‘टु बी’ यांत अर्थच बदलतो. तिथे कुणी उलटवायला सांगत नाही, आपल्याला निवड करावी लागते.

आणखी एक गोंधळ आधीच दूर करू. मराठी व्याकरणातला कर्मणी प्रयोग म्हणजे इंग्रजीतला पॅसिव्ह नव्हे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी आहे, पण इंग्रजीत ते सरळ ‘राम एट द मँगो’ असं ॲक्टिव्हच होतं. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातो तो आपला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग: ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला.’ त्यामुळे ‘-ने’ दिसला म्हणून ‘बी’ लावायला धावू नका. ‘-लं जाणं’ आणि ‘-ण्यात येणं’ यांच्याकडे लक्ष ठेवा.

पुढची सगळी इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण या रूपाच्या निम्म्या चुका कानाच्या असतात.

रूप कसं तयार होतं

टु + बी + तिसरं रूप. ‘टु बी पेड’, ‘टु बी सेंट’, ‘टु बी गिव्हन’, ‘टु बी टोल्ड’. यातला ‘बी’ कधीच बदलत नाही. कर्ता एक असो वा अनेक, काळ कोणताही असो, ‘टु इज पेड’ किंवा ‘टु वॉज पेड’ असं काही होत नाही. काळ दाखवायचं काम पहिलं क्रियापद करतं: ‘शी होप्स टु बी सिलेक्टेड’, ‘शी होप्ड टु बी सिलेक्टेड’.

गोष्ट आधीच घडून गेलेली असेल तर टु + हॅव बीन + तिसरं रूप: ‘टु हॅव बीन पेड’. नकार द्यायचा तर ‘नॉट’ शक्यतो ‘टु’च्या आधी: ‘आय प्रिफर नॉट टु बी डिस्टर्ब्ड.’

आता कानाची गोष्ट. इंग्रज माणूस हे बोलतो तेव्हा ‘टु’ अगदी पुसट ऐकू येतो आणि शेवटचा ‘ड’ किंवा ‘ट’ पुढच्या शब्दात विरून जातो. ‘इट हॅज टु बी पॅक्ड टुडे’ हे ‘पॅक टुडे’सारखंच ऐकू येतं. ऐकून शिकलेला माणूस मग लिहितानाही ‘टु बी पॅक’ लिहितो. बोलताना तो ‘ड’ थोडा विरला तरी चालेल, लिहिताना विरता कामा नये. मोबाइलवर घाईत टाइप केलेल्या निरोपांत ही चूक सर्वांत जास्त दिसते.

पहिला प्रश्न: दुसरं काम कोण करणार?

‘वॉन्ट टु…’ अशा वाक्यात दोन क्रिया असतात. पहिली इच्छेची, दुसरी प्रत्यक्ष कामाची. स्वतःला मराठीतच विचारा: ज्याची इच्छा आहे तोच ते काम करणार आहे, की ते काम त्याच्यावर, त्याच्यासाठी दुसरं कुणी करणार आहे? तोच करणार असेल तर ‘टु’. दुसरं कुणी करणार असेल तर ‘टु बी’.

अंबडच्या कारखान्यातल्या ट्रेनीला पर्मनंट व्हायचंय. पर्मनंट कोण करणार? कंपनी. म्हणून ‘आय होप टु बी मेड पर्मनंट.’ त्याच्या सुपरवायझरला दोन मुलांना पर्मनंट करायचंय, तर तो म्हणेल, ‘आय होप टु मेक टू ऑफ देम पर्मनंट.’ मुलाखतीत ‘आय एक्स्पेक्ट टु प्रमोट विदिन टू इयर्स’ म्हणणारा उमेदवार नकळत सांगतो की दोन वर्षांत मी दुसऱ्यांना बढती देणार. त्याला म्हणायचं असतं ‘टु बी प्रमोटेड’.

मराठी इथे खूप मदत करते, फक्त तिच्या खुणा ओळखता यायला हव्यात. ‘करायचंय’, ‘सांगायचंय’, ‘पाठवायचंय’ आलं की बहुधा ‘टु’. ‘सांगितलं जावं’, ‘मला कुणीतरी सांगावं’, ‘कळवण्यात यावे’, ‘मिळावे ही विनंती’ आलं की बहुधा ‘टु बी’. सरकारी अर्जातली ‘मंजूर करण्यात यावी’ ही भाषा आपण कंटाळवाणी म्हणतो, पण पॅसिव्ह ओळखायला तिच्याइतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. ‘व्हायचंय’ मात्र फसवं आहे. ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणजे ‘टु बिकम’, आणि ‘माझं काम आज व्हायचंय’ म्हणजे ‘टु बी डन’. तिथे परत तोच प्रश्न विचारायचा: काम करणारा कोण?

या गटातली नेहमीची क्रियापदं म्हणजे वॉन्ट, होप, एक्स्पेक्ट, वुड लाइक, प्रिफर, हेट, आस्क, ॲग्री, रिफ्यूज, डिझर्व्ह. या सगळ्यांत ‘आस्क’ आणि ‘रिफ्यूज’ यांच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, आणि नाशिककराला ती समजावून सांगायला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाइतकं योग्य उदाहरण दुसरं नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या सहकाऱ्यांनी तो पुढे नेला. मंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी बंद होते. सत्याग्रहींची मागणी इंग्रजीत मांडायची तर: ‘दे आस्क्ड टु बी अलाउड टु एंटर.’ नीट पाहा. मागणारे ते, परवानगी देणारे दुसरे, म्हणून ‘टु बी अलाउड’. आत जाणारे परत तेच, म्हणून ‘टु एंटर’. एकाच वाक्यात दोन्ही रूपं आहेत आणि दोन्ही ठिकाणी तोच प्रश्न विचारून उत्तर मिळतं. पुढे: ‘दे रिफ्यूज्ड टु बी टर्न्ड अवे.’ इथे ‘बी’ गाळला तर ‘दे रिफ्यूज्ड टु टर्न अवे’ होतं, म्हणजे त्यांनी स्वतः तोंड फिरवायला नकार दिला. ‘बी’ असलेल्या वाक्यात समोर परत पाठवणारं कुणीतरी उभं आहे हे दिसतं. सत्याग्रहाचा सगळा ताण त्या ‘बी’मध्ये आहे.

तिसरी गोष्ट मध्ये आली तर

कधी इच्छा आपली असते आणि काम व्हायचं असतं रस्त्याचं, बिलाचं, मालाचं. तेव्हा क्रियापदानंतर ती वस्तू येते आणि मग ‘टु बी’: ‘वी वॉन्ट द रोड टु बी रिपेअर्ड बिफोर द सिंहस्थ.’ ‘आय एक्स्पेक्ट द बिल टु बी क्लिअर्ड धिस वीक.’ ‘वी वुड लाइक द सॅम्पल्स टु बी टेस्टेड अगेन.’

‘वॉन्ट’नंतर ‘टु बी’ गाळूनही चालतं: ‘वी वॉन्ट द रोड रिपेअर्ड.’ हे जास्त ठाम आणि बोलण्यातलं वाटतं. चालत नाही ते ‘वी वॉन्ट दॅट द रोड शुड बी रिपेअर्ड’. आपल्या ‘आम्हाला असं हवंय की…’ची ती सावली आहे आणि नाशिकच्या ऑफिसांत ती सर्रास ऐकू येते.

‘होप’ याच्या उलट वागतं. ‘आय होप माय सन टु बी सिलेक्टेड’ चूक. तिथे वाक्य जोडावं लागतं: ‘आय होप दॅट माय सन इज सिलेक्टेड’ किंवा ‘विल बी सिलेक्टेड’. स्वतःबद्दल असेल तेव्हाच ‘आय होप टु बी सिलेक्टेड’.

‘वेट’बरोबर ‘फॉर’ लागतो. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव झाल्यावर ट्रॉली रिकामी व्हायची वाट पाहणारा शेतकरी म्हणेल: ‘आय ॲम वेटिंग फॉर माय ट्रॉली टु बी अनलोडेड.’ ‘आस्क’चंही असंच: ‘वी आस्क्ड फॉर द रेट टु बी रिव्हाइज्ड.’

आता एक ठिकाण जिथे चांगले लिहिणारेही घसरतात. सजेस्ट, रेकमेंड, इन्सिस्ट आणि डिमांड. ‘वी डिमांड द रोड टु बी रिपेअर्ड’ असं होत नाही. ‘वी डिमांड दॅट द रोड बी रिपेअर्ड.’ इथे ‘दॅट’नंतर नुसता ‘बी’ येतो, ‘इज’ नाही. कानाला विचित्र वाटत असेल तर ‘शुड बी रिपेअर्ड’ म्हणा, तेही शुद्ध आहे. पण ‘डिमांड’ करणाराच ज्याच्यावर क्रिया होणार तो असेल, तर ‘टु बी’ चालतं: ‘द वर्कर्स डिमांडेड टु बी हर्ड.’ कामगारांनी मागणी केली, की आमचं ऐकून घेतलं जावं. ‘सजेस्ट’ला तेवढीही सवलत नाही. त्याच्यानंतर ‘टु’ लावायचाच नाही. ‘रिक्वेस्ट’बद्दल माझा सल्ला असा, की पत्रात ‘वी रिक्वेस्ट दॅट द अमाउंट बी रिफंडेड’ लिहा. ते कुणालाच खटकणार नाही.

नीड: कारखान्यात सर्वांत जास्त लागणारं

‘ही मोटर रिवाइंड करायला हवी.’ यावरून ‘धिस मोटर नीड्स टु रिवाइंड’ असं लिहिलं जातं. म्हणजे मोटर उठून कुणाचं तरी रिवाइंडिंग करणार. मराठीत ‘करायला हवी’ यात करणारा लपलेला असतो, तरी अर्थ कळतो. इंग्रजीत कर्त्याच्या जागी मोटर बसली की पुढे ‘बी’ हवाच: ‘धिस मोटर नीड्स टु बी रिवाउंड.’ किंवा दुसरी वाट: ‘धिस मोटर नीड्स रिवाइंडिंग.’ अर्थ एकच. या दुसऱ्या वाटेत ‘बीइंग’ घुसवू नका, ‘नीड्स बीइंग रिवाउंड’ चूक आहे. नकारात ‘डजंट नीड टु बी चेंज्ड’ म्हणा. औपचारिक लिखाणात ‘नीड नॉट बी चेंज्ड’ असंही दिसेल, त्यात ‘टु’ नसतो.

लिहून झाल्यावर तपासायची एक युक्ती मी सगळ्यांना देतो. ‘टु’नंतरच्या क्रियापदावर बोट ठेवा आणि विचारा: कुणाला? काय? त्याचं उत्तर क्रियापदाच्या पुढे असेल तर ठीक. पुढे काहीच नसेल आणि उत्तर मागे, कर्त्याच्या जागी सापडत असेल, तर ‘बी’ राहून गेलाय. ‘द वॉल नीड्स टु पेंट.’ काय पेंट? वॉल. वॉल कुठे आहे? मागे. म्हणजे ‘टु बी पेंटेड’. ‘वी वॉन्ट टु इन्फॉर्म.’ कुणाला? पुढे कुणीच नाही. थांबा आणि परत वाचा. याला थोडे अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

‘डिझर्व्ह’ही ‘नीड’सारखंच चालतं. कुसुमाग्रजांच्या कविता मोठ्याने वाचल्या जायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. ज्या शहरात ते राहिले, त्या शहरात तरी २७ फेब्रुवारीच्या पलीकडे त्या ऐकू याव्यात. इंग्रजीत: ‘हिज पोएम्स डिझर्व्ह टु बी रेड अलाउड.’ हा ‘रेड’ म्हणजे ‘रीड’चं तिसरं रूप. इंग्रजी स्पेलिंग तेच राहतं, उच्चार बदलतो.

एक सावधगिरी. ‘नीड्स टु बी’ची सवय लागली की प्रत्येक ओळ तशीच होते. ‘द पेमेंट नीड्स टु बी रिलीज्ड, द पेपर्स नीड टु बी साइन्ड, द ट्रक नीड्स टु बी बुक्ड.’ कोण करणार हे कुठेच नाही, म्हणून कुणीच करत नाही. काम कुणाचं ते माहीत असेल तर नाव घ्या: ‘प्लीज साइन द पेपर्स बाय फ्रायडे.’ पॅसिव्ह तिथे वापरा, जिथे करणारा माहीत नाही किंवा त्याचं नाव घेऊन उपयोग नाही.

सीम, अपिअर आणि ‘म्हणे’

आतापर्यंतच्या क्रियापदांत कर्त्याची इच्छा, नकार किंवा लायकी होती. दुसरा एक गट आहे ज्यात कर्त्याची काहीच इच्छा नसते: सीम, अपिअर, टेंड, हॅपन, बिगिन, कंटिन्यू. हा फरक पुस्तकांत क्वचित सांगतात. तो कळला की निम्मं ओझं उतरतं.

हे करून पाहा. ‘द डॉक्टर वॉन्ट्स टु एक्झॅमिन द पेशंट.’ आता उलटवा: ‘द पेशंट वॉन्ट्स टु बी एक्झॅमिन्ड बाय द डॉक्टर.’ अर्थ बदलला. आधी इच्छा डॉक्टरची होती, आता पेशंटची झाली. हेच ‘सीम’बरोबर करा: ‘द डॉक्टर सीम्स टु हॅव एक्झॅमिन्ड द पेशंट’ आणि ‘द पेशंट सीम्स टु हॅव बीन एक्झॅमिन्ड बाय द डॉक्टर.’ काहीच बदललं नाही. डॉक्टरने पेशंटला तपासलेलं दिसतं, एवढंच दोन्ही सांगतात. म्हणजे पहिल्या गटात तुम्ही इच्छा कुणाची ते पाहून निवडता. या गटात बोलणं कशाबद्दल चाललंय ते पाहून निवडता. डॉक्टरबद्दल बोलत असाल तर पहिलं, पेशंटबद्दल बोलत असाल तर दुसरं.

‘इज सेड’, ‘इज बिलीव्ह्ड’, ‘इज रिपोर्टेड’ हेही याच जातीचे. आपल्या ‘म्हणे’चं आणि ‘असं मानतात’चं काम ते करतात. शूर्पणखेचं नाक लक्ष्मणाने नाशिकमध्येच कापलं, म्हणून हे नाशिक, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इंग्रजीत सांगताना: ‘लक्ष्मण इज सेड टु हॅव कट ऑफ शूर्पणखाज नोज हिअर.’ किंवा: ‘शूर्पणखाज नोज इज सेड टु हॅव बीन कट ऑफ हिअर.’ बाहेरगावच्या पाहुण्याला तपोवन दाखवताना दोन्ही चालतील. ‘हॅव बीन’ आलं कारण गोष्ट जुनी आहे. तिथे ‘इज सेड टु बी कट ऑफ’ म्हटलंत तर ती आत्ताची किंवा रोजची घटना वाटेल.

हे रूप प्रामाणिक लिहिणाऱ्याच्या फार कामाचं आहे. ‘द केव्ह्ज आर सेड टु हॅव बीन कार्व्ड बाय द पांडवाज.’ पांडवलेण्यांबद्दल लोक काय म्हणतात ते मी सांगितलं, पण ते माझं म्हणणं म्हणून मांडलं नाही. पुढच्याच वाक्यात मी लिहू शकतो, की लेण्यांतल्या शिलालेखांत सातवाहन आणि क्षत्रप राजघराण्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे आणि ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. तिथे ‘सेड’ लागत नाही, कारण पुरावा दगडात आहे: ‘द केव्ह्ज वर कार्व्ड फॉर बुद्धिस्ट मंक्स.’ गाइडचं काम करणाऱ्या मुलामुलींनी हा फरक नक्की शिकावा. ऐकीव गोष्टीला ‘आर सेड टु हॅव बीन’, पक्क्या गोष्टीला सरळ ‘वर’.

ऑफिसच्या पत्रात ‘सीम’ सौजन्याचं काम करतं. ‘यू हॅव डिलेड द पेमेंट’ हा आरोप झाला. ‘द पेमेंट सीम्स टु हॅव बीन डिलेड’ म्हटलं की तीच तक्रार होते, पण समोरच्याला दुरुस्तीची वाट मोकळी राहते.

पुढे व्हायच्या गोष्टीला साधा ‘टु बी’: ‘द सिंहस्थ इज एक्स्पेक्टेड टु बी अटेंडेड बाय मिलियन्स ऑफ पीपल इन २०२७.’ आणि ‘सपोज्ड’मध्ये नाराजीची छटा असते: ‘द लिफ्ट वॉज सपोज्ड टु हॅव बीन रिपेअर्ड बाय मंडे.’ सोमवारपर्यंत व्हायला हवी होती, झाली नाही.

झटपट उरकण्यासारखं

कॅन, मे, मस्ट, शुड, विल, वुड यांच्यानंतर ‘टु’ नाही, नुसता ‘बी’: ‘द फॉर्म मस्ट बी साइन्ड.’ ‘शुड साइन्ड’ आणि ‘शुड टु बी साइन्ड’, दोन्ही चूक. हॅव टु, ऑट टु, गोइंग टु यांच्यात ‘टु’ असतोच: ‘द ग्रेप्स हॅव टु बी प्रीकूल्ड बिफोर लोडिंग.’ पावसाळ्यात नाशिककर ज्या बातमीकडे डोळे लावून असतो ती अशी: ‘वॉटर इज गोइंग टु बी रिलीज्ड फ्रॉम गंगापूर डॅम.’ सूचनाफलकावर ‘इज टु बी’, ‘आर टु बी’ दिसतं: ‘शूज आर टु बी लेफ्ट आउटसाइड.’ तो आदेश असतो, फक्त सभ्य शब्दांत.

‘मेक’ची एक गंमतशीर चाल आहे. ‘दे मेड मी वेट’ यात ‘टु’ नाही. पण पॅसिव्ह झालं की ‘टु’ येतो: ‘आय वॉज मेड टु वेट.’ मला ताटकळत ठेवलं. थांबणारा मीच, म्हणून ‘टु वेट’, ‘टु बी वेटेड’ नाही. ‘लेट’ला असा पॅसिव्ह सहसा करत नाहीत, तिथे ‘वॉज अलाउड टु’ वापरतात.

जिथे ‘टु बी’ लावायचं नाही

‘हा फॉर्म भरायला सोपा आहे.’ ‘धिस फॉर्म इज ईझी टु फिल इन.’ मघाची बोट ठेवायची युक्ती इथे फसते. काय भरायचं? फॉर्म. तो मागे आहे. तरी ‘टु बी फिल्ड’ होत नाही. ईझी, डिफिकल्ट, हार्ड, नाइस, चीप अशा विशेषणांनंतर इंग्रजी साधाच ‘टु’ घेते. ‘द वॉटर इज सेफ टु ड्रिंक.’ ‘मराठी इज प्लेझंट टु हिअर.’ तसंच ‘आय हॅव टू बिल्स टु पे.’ भरणारा मीच आहे आणि तो वाक्यात दिसतोय. ‘देअर आर टू बिल्स…’ अशी सुरुवात केली तर मात्र ‘टु पे’ आणि ‘टु बी पेड’ दोन्ही चालतं. गंगापूर रोडच्या बंगल्यांवर ‘टु लेट’ची पाटी असते, ‘टु बी लेट’ची नसते. ‘हू इज टु ब्लेम?’मध्येही ‘बी’ नाही. ही जुनी ठरलेली रूपं आहेत, पाठच करा.

ज्या क्रियापदांना कर्मच नसतं त्यांचा पॅसिव्ह होत नाही. हॅपन, अकर, अराइव्ह, बिलाँग, डिसअपिअर. ‘द मीटिंग इज एक्स्पेक्टेड टु बी हॅपन्ड’ चूक. ‘टु हॅपन’ म्हणा, किंवा क्रियापद बदलून ‘टु बी हेल्ड’.

आणि काही क्रियापदांनंतर ‘टु’च येत नाही, ‘बीइंग’ येतो. एंजॉय, अव्हॉइड, माइंड, रिस्क: ‘आय डोन्ट माइंड बीइंग कॉल्ड लेट.’ ‘लुक फॉरवर्ड टु’मध्ये ‘टु’ दिसतो म्हणून फसू नका: ‘वी लुक फॉरवर्ड टु बीइंग इन्व्हायटेड.’ ‘रिमेंबर’ आठवणीबद्दल असेल तर हाच नियम: ‘आय रिमेंबर बीइंग टोल्ड.’ मला सांगितलं होतं, हे आठवतंय.

सराव

आपल्याकडे आलेले मराठी अर्ज, नोटिसा, व्हॉट्सॲपवरचे कामाचे निरोप घ्या. त्यातली ‘यावे’, ‘जावे’, ‘मिळावे’, ‘व्हायला हवं’ असलेली वाक्यं निवडून इंग्रजीत बोला. आधी बोला, मग लिहा. सुरुवातीला काही मी देतो. उत्तर झाकून स्वतः करून पाहा.

‘माझ्या तक्रारीची दखल घेतली जावी अशी माझी अपेक्षा आहे.’ दखल घेणारे दुसरे, तक्रार तिसरी वस्तू: ‘आय एक्स्पेक्ट माय कम्प्लेंट टु बी लुक्ड इंटु.’ शेवटचा ‘इंटु’ गाळू नका. ‘लुक इंटु’ हे जोडीचं क्रियापद आहे आणि पॅसिव्हमध्ये जोडी तुटत नाही.

‘तिने फोटो काढून घ्यायला नकार दिला.’ फोटो काढणारा दुसरा: ‘शी रिफ्यूज्ड टु बी फोटोग्राफ्ड.’

‘कांदा चाळीत साठवण्याआधी सुकवायला हवा.’ ‘अनियन्स नीड टु बी क्युअर्ड बिफोर दे आर स्टोअर्ड.’ शेतीच्या इंग्रजीत कांदा सुकवण्याला ‘ड्राय’पेक्षा ‘क्युअर’ म्हणतात.

‘ट्रक काल रात्रीच भरला गेलेला दिसतोय.’ आधी घडलेलं, कुणाची इच्छा नाही: ‘द ट्रक सीम्स टु हॅव बीन लोडेड लास्ट नाइट.’

‘मला मराठीतून प्रश्न विचारले गेलेले आवडतील.’ ‘आय वुड लाइक टु बी आस्क्ड द क्वेश्चन्स इन मराठी.’ ‘आस्क’ला दोन कर्मं असतात, विचारायचं कुणाला आणि काय. एक पुढे गेलं तरी दुसरं मागे राहतं, म्हणून ‘टु बी आस्क्ड’नंतर ‘द क्वेश्चन्स’ आलं. ‘गिव्ह’, ‘पे’, ‘टीच’, ‘ऑफर’ यांच्यातही असंच होतं: ‘शी होप्स टु बी ऑफर्ड द जॉब.’

शेवटचं थोडं अवघड. ‘मला न विचारता माझं नाव यादीतून काढलं जाईल असं मला वाटलं नव्हतं.’ बहुतेक जण लिहितात, ‘आय डिड नॉट एक्स्पेक्ट माय नेम टु बी रिमूव्ह्ड विदाउट बीइंग आस्क्ड.’ ‘टु बी रिमूव्ह्ड’ बरोबर आहे, शेवट डळमळीत आहे. ‘बीइंग आस्क्ड’ कुणाबद्दल? जवळचा शब्द ‘नेम’ आहे, आणि नावाला कुणी विचारत नाही. म्हणून ‘विदाउट माय बीइंग आस्क्ड’ करा, किंवा बोलण्यात ‘विदाउट एनीवन आस्किंग मी’ म्हणा.